भावजींचा डावा एक्सल

मार्चमधला शेवटचा रविवार, सकाळ. ठिकाण: हमरापूरचा आमचा गणपतींचा कारखाना, मागची खोली. उपस्थित: मी, माझे यजमान प्रकाश, पुण्याहून फोनच्या पडद्यावर माझी भाची केतकी, आणि अन्वर मिस्त्री, ज्यांना नुसतं 'चहाला या' असं सांगून बोलावलं होतं. अनुपस्थित: केशवभावजी, कारण बैठक त्यांच्याबद्दलच होती. विषय एकच. भावजींच्या गाडीचा डावा एक्सल गेला आहे, हे भावजींना कोणी सांगायचं?

एखाद्याच्या गाडीचा एक्सल जातो, मिस्त्री तो बदलतो, यात बैठक कसली, असं ज्यांना वाटेल त्यांनी भावजींना पाहिलेलं नाही. कुणाच्याही गाडीचा एक्सल गेला की ते त्या माणसाला सांगणं, हे काम पेण तालुक्यात आजवर भावजींकडे होतं.

केशवभावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान आणि केतकीचे वडील. ते गाडी चालवतात, पण वळवत नाहीत. वळण आलंच तर ते आधी गाडीला त्या वळणाची ओळख करून देतात, दोघांचं जमतंय का ते पाहतात, आणि मग मांडवातल्या नवरीला बोहल्याकडे न्यावं तसं तिला हळूहळू बाजूला नेतात. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवणं हे त्यांच्या मते अडाणीपणाचं लक्षण. यू-टर्न हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. त्यांच्या पेणच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला भाजीवाली बसते. एकदा तिच्याकडून कोथिंबीर आणि पोतंभर कांदे आणायला ते गाडी घेऊन गेले आणि पार पुढच्या वडखळ गावापर्यंत जाऊन परत आले, कारण मध्ये कुठेही गाडी 'मनासारखी' फिरवायला जागा नव्हती. तोपर्यंत ताईने आमटीवर कोथिंबिरीशिवायच झाकण ठेवलं होतं.

मी एकदा त्यांना व्यवहाराचा प्रश्न विचारला. "भावजी, एक्सल वाचवायला गाडी दुप्पट चालवायची, म्हणजे एक्सलही दुप्पट फिरतो ना?"

त्यांनी माझ्याकडे अतिशय दयेने पाहिलं. "शोभा, सरळ चालून कोण मरत नाय. माणूस पण नाय नि एक्सल पण नाय. वळणावर लोड येतो."

एक्सल म्हणजे काय हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी गणपतींच्या कारखान्याचं काम बघते: कोणती मूर्ती कुठे जाणार, कोणत्या गाडीत किती पेंढा लागणार, कोणाची सोंड रंगवायची राहिली. पण भावजींच्या नातेवाइकांना हे शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. तर, ज्या गाड्यांची पुढची चाकं इंजिन ओढतं, त्यांत इंजिनापासून प्रत्येक चाकाकडे एक दांडा जातो, तो एक्सल. चाकाजवळ त्याला एक सांधा असतो, म्हणजे चाक वळलं तरी फिरायचं थांबत नाही. त्या सांध्यावर रबराचं घडीघडीचं टोपण असतं, त्याला बूट म्हणतात, आणि आत ग्रीस भरलेलं असतं. बूट शाबूत असेल तर एक्सल गाडीच्या मालकापेक्षा जास्त जगतो. बूट फाटला की ग्रीस उडतं, धूळपाणी आत शिरतं, पोलादाच्या गोळ्या सांध्यात खडखडू लागतात, आणि पुरं वळण घेतलं की टक-टक-टक असा आवाज येतो. उजवीकडे वळताना वाजला तर डावा गेला, डावीकडे वळताना वाजला तर उजवा. हे वाक्य मला पाढ्यासारखं पाठ आहे. माझ्या दोन्ही पुतण्यांनाही आहे, आणि त्यातल्या एकाकडे सायकलसुद्धा नाही.

"एक्सल स्वतःहून मरत नाय," भावजी सांगतात. "रबर फाटतो, कोणाचं लक्ष नसतं, म्हणून मरतो."

हे ते कोणालाही सांगतात. एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी हॉलच्या फाटकातून आत वळत होती. बँड वाजत होता, फटाके वाजत होते, आणि त्या सगळ्यातून भावजींना टक-टक ऐकू आलं. ते हात वर करून गाडीपुढे उभे राहिले. बँडवाल्यांना वाटलं यजमानांपैकी कोणी आहे, त्यांनी बँड थांबवला. भावजी रुमाल अंथरून चाकाशी वाकले, आत बोट फिरवलं, काळं ग्रीस बाहेर काढलं आणि ते नवऱ्या मुलाच्या बापाच्या नाकासमोर धरून म्हणाले, "तुमचा बूट फाटलाय." त्या गृहस्थांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मुहूर्त टळला नाही, पण अक्षता टाकताना भावजींच्या बोटांच्या ग्रीसमुळे आमच्या बाजूच्या अक्षता काळ्या पडल्या होत्या, हे फोटोत स्पष्ट दिसतं.

देवळातही तेच. प्रदक्षिणा घालताना ते नेहमी बाहेरच्या बाजूने मोठा फेरा घेतात. शिवाय सगळे फेरे उजवीकडेच वळणारे असतात, त्यामुळे आयुष्यभर डाव्या गुडघ्यावर लोड येतो, असं त्यांचं म्हणणं. तीन सुलट्या घातल्यावर एक उलटी घालावी, अशी सूचना त्यांनी पुजाऱ्यांना केली होती. पुजारी शांत स्वभावाचे आहेत.

हा कान त्यांना रोह्याने दिला. तिथल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा कंपनीने शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी कानाला लावलं आणि साहेबांना सर्वांदेखत सांगितलं, "याच्यात खरखर हाय, बदलून घ्या."

घरी आल्यावर ऐकायला पंप उरले नाहीत, मग त्यांनी घरातल्या वस्तू घेतल्या. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन. माझ्या फ्रीजला स्क्रू ड्रायव्हर लावून ते एका दुपारी इतका वेळ उभे होते की मला वाटलं आतून कोणीतरी उत्तर देतंय. संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसायचं आणि कोपऱ्यावर वळणारी प्रत्येक गाडी पास किंवा नापास करायची, हा त्यांचा नेम. "गेला," असं ते म्हणायचे, एखाद्याची तिरडी निघाल्यासारखं. मग खाली जाऊन त्या माणसाला गाठायचे.

आणि ताई हसायची. माझी बहीण बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. "आमचं घर सरळ रस्त्यावर होतं म्हणून मागणी घातली हो यांनी," ती आल्यागेल्याला सांगायची. "वळणावर असतं तर मी सुटले असते." किंवा, "यांनी मला सप्तपदी घालायला लावली तीसुद्धा सरळ रेषेत." भावजी ऐकून घ्यायचे. तिच्या बडबडीपुढे त्यांचं यंत्रांचं ज्ञान चालत नसे. गाडीत तर ती सतत टोकत असायची: अहो, काच वर करा. अहो, मागचा किती वेळ हॉर्न देतोय. अहो, तो म्हातारा पायी चाललाय आणि आपल्या पुढे गेला.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. गणपतीच्या दिवसांत आमच्या कारखान्यातल्या शाडूच्या नाजूक मूर्ती पोचवायला भावजींइतका भरवशाचा ड्रायव्हर नाही. त्यांच्या गाडीत आजवर एका गणपतीचं बोटही मोडलेलं नाही. फक्त गणपती बसवायच्या मुहूर्ताच्या बऱ्याच आधी त्यांना निघावं लागतं. एका गिऱ्हाइकाने मला फोन करून विचारलं होतं, "ताई, बाप्पा चालत येतायत काय?"

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास ताईला झटका आला. जीव वाचला, उजवा हात-पाय पुष्कळसा सावरला, पण बोलणं गेलं. कळतं सगळं. चहा पुढे केला तर घेते, नको असेल तर कप बाजूला सारते, टीव्हीवर विनोद झाला तर तिच्या ओठांचा कोपरा हलतो. पण शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, आत शब्द आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाही. कधी सापडेल सांगता येत नाही.

मी स्वभावाप्रमाणे कामाला लागले. पुठ्ठ्याची कार्डं केली: पाणी, चहा, भात, औषध, केतकी. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. वेळापत्रक करून भिंतीला लावलं. रोज सकाळी कार्डं, दुपारी महिन्यांची नावं, संध्याकाळी आरती. ताई पाण्याच्या कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग डोळे मिटून घ्यायची. आपल्या धाकट्या बहिणीला इतकं स्पष्ट 'जा आता' तिने बोलता येत असतानाही कधी म्हटलं नव्हतं. रोह्याच्या एका दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडम दर गुरुवारी येतात असं कळलं, तेव्हापासून भावजी ताईला गुरुवारी गाडीत पुढे बसवून रोह्याला नेऊ लागले.

आणि संक्रांतीनंतर कधीतरी त्यांची गाडी वाजू लागली.

सुरुवातीला कोणाचा विश्वास बसला नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की टक-टक, टक-टक. ज्यांना ज्यांना भावजींनी रस्त्यात अडवून ग्रीस दाखवलं होतं ते सगळे आता गॅलऱ्यांत उभे राहून ऐकू लागले. "काका, घुंगरू बांधलं काय गाडीला?" समोरच्या मेडिकलवाल्याने विचारलं. भावजी म्हणाले, "काय?" त्याने पुन्हा विचारलं. भावजींनी कानामागे हात धरला, मान हलवली आणि पुढे गेले.

आता बैठकीकडे येते. न रंगवलेल्या गणपतींच्या रांगांमध्ये चार खुर्च्या टाकल्या होत्या, चौथी केतकीच्या फोनसाठी. अन्वर मिस्त्री कपात बिस्किट बुडवत म्हणाले, "मॅडम, मी दोन वेळा सांगितलं. काका, डावा बूट फाटलाय, आतून रिम सगळा ग्रीसने माखलाय. काका बोलले, काय? मी जोरात बोललो. काका बोलले, नाय बा, मला काय ऐकू नाय येत. अहो, ज्या माणसाने मला आवाज ओळखायला शिकवला तो बोलतो ऐकू नाय येत!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बिस्किटही कपात पडलं होतं.

"वयाचं आहे ते," प्रकाश म्हणाले. त्यांना प्रत्येक विषयातलं थोडं माहीत असतं. "बारीक, टोकदार आवाज आधी जातात. भांडी, पक्षी, एक्सल."

"मावशी, मला भीती कानाची नाही," केतकी पडद्यावरून म्हणाली. "एक्सल तुटला तर? आई असते गाडीत. खिंडीत तुटला तर?"

ती म्हणाली ते खरं होतं. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते, चढ-उतार आणि वळणं. त्या गाडीत पुढच्या सीटवर माझी बहीण असते, जिला ओरडताही येत नाही. मी अन्वर मिस्त्रींना विचारलं, "किती दिवस टिकेल?"

"ते वरच्याला माहीत. महिना पण चालेल, उद्या पण जाईल."

"बाबांना दुखवू नका पण," केतकी म्हणाली. "कान गेला हे त्यांना कळलं तर ते खचतील."

ठराव झाला: येत्या गुरुवारी रोह्याला सोबत जायचं, वाटेत विषय काढायचा, एक्सल बदलण्याची तारीख पक्की करायची, कानाच्या डॉक्टरांचं नाव सहज बोलल्यासारखं सांगायचं. काम कोणाकडे, यावर मतदानाची गरज पडली नाही. प्रकाश आणि अन्वर मिस्त्री दोघेही एकाच वेळी माझ्याकडे बघू लागले.

गुरुवारी मी मागच्या सीटवर बसले. ताई पुढे, पट्टा लावून, मांडीवर पर्स. बोलणं गेलं तरी पर्स सुटलेली नाही. पेणहून निघालो ते गाईच्या चालीने. वडखळला एक टेम्पोवाला आम्हाला ओलांडून जाताना पूर्ण वेळ आमच्याकडे बघत होता. आता बोलू, मग बोलू असं करत नागोठणं गेलं. खिंड सुरू झाली आणि पहिल्याच मोठ्या वळणावर मला ते ऐकू आलं. टक. टक. पुढून, ताईच्या पायाखालून.

मी घसा साफ केला. "भावजी, मला तुमच्याशी तीन गोष्टी बोलायच्या आहेत."

"बोल की."

"पहिली म्हणजे गाडी. गाडी वाजते आहे."

"काय म्हणालीस?"

"गाडी! वाजते!"

आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे. ताई समोर रस्त्याकडे बघत होती. "शोभा," ते हळूच म्हणाले, "रोह्यापर्यंत जरा गप बसशील काय?"

मला गप्प बसायला आयुष्यात फार थोड्या लोकांनी सांगितलं आहे, आणि ऐकलं असं मी त्याहून थोड्या लोकांचं. पण त्यांनी ते असं काही म्हटलं की मी खिडकीबाहेर बघत बसले.

रोह्यात शिरल्यावर त्यांनी गाडी दवाखान्याकडे नेली नाही. नदीच्या अंगाला एक मोकळं मैदान होतं, उन्हात तापलेलं, एका कडेला दोन म्हशी, बाकी कोणी नाही. गाडी मैदानाच्या मध्यावर उभी केली. चारी काचा खाली केल्या. आणि मग केशवभावजींनी, ज्यांनी माझ्या देखत कधी स्टिअरिंग अर्ध्याच्या पुढे नेलं नव्हतं त्यांनी, ते दोन्ही हातांनी उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. फिरवत गेले, फिरवत गेले, ते अडकेपर्यंत. आणि गाडी सोडली.

टक-टक-टक-टक-टक. लाह्या फुटाव्यात तसं. गाडी जागच्या जागी गोल फिरू लागली, धुळीचा लोट उठला, म्हशींनी माना वर केल्या. मी पुढची सीट घट्ट धरली. दुसरा फेरा. टक-टक-टक-टक.

ताईच्या खांद्याची हालचाल झाली. तिने मान वळवली, भावजींकडे. कपाळावर आठी पडली, मला लहानपणापासून माहीत असलेली आठी, दुधाचं पातेलं उतू जाताना पडायची ती.

"अहो," ताई म्हणाली.

माझे हात सीटवरून सुटले.

भावजींनी गाडी चालूच ठेवली. "काय?"

"अहो. वा... वाज... तंय."

"काय म्हणतेस? मला काय ऐकू नाय येत."

"वाजतंय!" ती चिडली होती. खरोखर चिडली होती, पर्स मांडीवर आपटली. "अहो! वाजतंय ना!"

"कुठं वाजतंय? नाय बा. तुला भास होतो."

"आहे! तिथे! खाली!" डाव्या हाताने तिने चाकाकडे बोट दाखवलं, आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू सांगत होती की असल्या माणसाबरोबर मी जन्म काढला आहे, आता तुम्हीच बघा. मग तिने ती नजर मागे वळवून माझ्याकडेही टाकली, साक्षीदार म्हणून. मी मान हलवली.

भावजींनी स्टिअरिंग हळूहळू सरळ केलं. "बरं बाय, बघतो मी नंतर," ते म्हणाले, आणि गाडी नेहमीच्या चालीने दवाखान्याकडे निघाली.

ताई आत मॅडमकडे गेल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. मॅडमची कार्डं माझ्या कार्डांपेक्षा बरी होती, रंगीत होती, पण दारातून दिसत होतं की ताईने त्यांच्यासमोरही डोळे मिटून घेतले होते.

"तुम्हाला ऐकू येतं," मी म्हटलं.

"त्या दारामागं पंखा हाय ना, त्याचा बुश गेलाय," भावजी म्हणाले. "येतं ऐकू."

मग सांगू लागले, तुटक तुटक. संक्रांतीनंतर खड्ड्यात चाक गेलं, बूट फाटला. त्यांना त्याच दिवशी कळलं. अन्वरकडे जायला म्हणून गाडी वळवली, पहिली टक-टक झाली, आणि बाजूच्या सीटवरून आवाज आला. त्यांनी ब्रेक दाबला. भर रस्त्यात. मागचे लोक शिव्या घालत होते.

"दसऱ्यापासून कोण मला अहो बोललं नव्हतं, शोभा. काका बोलतात, बाबा बोलतात, तू भावजी बोलतेस. अहो बोलणारी एकच." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी बोललो, काय? तर ती परत बोलली. म्हटलं, ऐकू नाय आलं. तर आणखी जोरात बोलली. दर खेपेला एखादा शब्द जास्त येतो. मला टोकायचं असलं की तिला वाट सापडते."

मी व्यवहारी बाई आहे. दुसऱ्या कोणी नाही तरी मी काहीतरी सुचवायलाच हवं होतं. "आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या. एक्सल नवा टाका, आणि घरी बसून रेकॉर्ड वाजवा."

"केलं. वाजवलं. तिनं फोन उशीखाली घातला." ते हसले. "फोनला ती नाय टोकत. मला टोकते."

"पण भावजी, तुटला तर?"

हा प्रश्न मात्र त्यांच्या हक्काचा होता. ते ताठ बसले. दर बुधवारी ते स्वतः गाडीखाली शिरून सांधा हाताने हलवून बघतात, किती ढिला झाला त्याचा अंदाज घेतात, उरलंसुरलं ग्रीस आत सारून वरून पट्टी बांधतात. रस्त्यात पुरं वळण कधी घेत नाहीत, फक्त मैदानात. "माझ्या स्पीडला तुटला तर गाडी थांबेल, दुसरं काय नाय होणार. माझ्या मागनं बैलगाडी आली तरी ती पुढं जाते." मग त्यांनी मला गाडीपाशी नेलं आणि डिकी उघडली. आत, गोणपाटात गुंडाळलेला, नवाकोरा एक्सल होता. बूट काळा कुळकुळीत, क्लिपा चकचकीत.

"कधी आणलात?"

"त्याच आठवड्यात." त्यांनी बुटाच्या घड्यांवरून अंगठा फिरवला, एखाद्या तान्ह्या मुलाच्या पावलावरून फिरवावा तसा. "लई भारी माल हाय. अजिबात आवाज नाय करणार." आणि त्यांनी डिकी लावली.

परतीच्या वाटेवर ताईला झोप लागली. पेणच्या अलीकडे प्रकाशचा फोन आला. "बोललीस का?"

"बोलले."

"मग?"

मी आरशाकडे पाहिलं. भावजी रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान मागे होते. "खरंच ऐकू येत नाही त्यांना," मी म्हटलं. "वेळ लागेल."

त्यानंतर मी दर गुरुवारी त्यांच्याबरोबर जाते. कारखान्यातली कामं त्याप्रमाणे लावून घेतली आहेत. माझ्या अटी भावजींनी मान्य केल्या आहेत: बुधवारच्या तपासणीला मीही हजर राहणार, सांधा जास्त हलला तर त्या आठवड्यात रिक्षाने जायचं, आणि पाऊस पडायच्या आत काहीही झालं तरी नवा एक्सल बसवायचा. अन्वर मिस्त्री मला रस्त्यात भेटले की कानाच्या डॉक्टरांबद्दल विचारतात. मी नंबर मिळत नाही म्हणून सांगते.

आता मे संपत आला. गेल्या गुरुवारी मैदानात दुसऱ्याच फेऱ्याला ताई म्हणाली, "अहो, वाजतंय कधीचं. मिस्त्रीकडे न्या." मधे न अडखळता, एका दमात, थेट माझ्या जुन्या बहिणीसारखं.

भावजींचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. गाडी आपोआप हळू होत थांबली. धूळ खाली बसली. बायकोने सांगितलेलं काम त्यांनी कधी टाळल्याचं मला आठवत नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"शोभा, ही काय बोलली? तुला आलं ऐकू?"

"नाही हो, भावजी," मी म्हटलं.

"अहो!" ताई म्हणाली.

त्यांनी स्टिअरिंग पुन्हा उजवीकडे फिरवलं. एक्सल बदलायचा राहिला आहे.